डिसेंबरात गाडीने पूर्वेकडे: बस्तर, कोरापुट, चिल्का, विष्णुपूर, नेतरहाट. आखणी कशी वाटते?

तिसरा_गिअर
नमस्कार मंडळी. कोकण, कर्नाटक, राजस्थान गाडीने करून झालं. आता पूर्वेकडे जायचंय. विमानाने भुवनेश्वर आणि तिथून टॅक्सी हा सल्ला कृपया नको, गाडीनेच जायचं ठरलंय. मी, बायको आणि सासरे (वय ७१, मधुमेह आहे पण ठणठणीत). गाडी पेट्रोल हॅचबॅक, चार वर्षं जुनी. चालवणार मी आणि बायको.

सोळा दिवस आहेत. एक्सेल करून ठेवली आहे, थोडक्यात अशी:

१ पुणे-नागपूर. २ नागपूर-रायपूर-जगदलपूर. ३ चित्रकोट, तीरथगड बघून संध्याकाळी कोरापुट. ४ दुडुमा धबधबा, रात्री रायगडा. ५ दारिंगबाडी. ६ गोपाळपूर. ७ चिल्का करून पुरी. ८ कोणार्क. ९ भितरकनिका. १० सिमलीपाल. ११ विष्णुपूर. १२ राँची. १३ नेतरहाट. १४ रायपूर. १५ नागपूर. १६ पुणे.

सरासरी रोज तीनशेच्या आसपास किलोमीटर पडतात. समृद्धीवर आम्ही याच्या दुप्पट सहज मारतो, त्यामुळे मला तरी हे आरामाचं वाटतंय. प्रश्न असे: संध्याकाळी आठपर्यंत गाडी चालवली तर चालेल ना? हॅचबॅकला रस्ते झेपतील का? सासऱ्यांच्या जेवणाच्या वेळा सांभाळता येतील का? आणि बस्तरमधून जाणं सुरक्षित आहे का?

मनमौजी
वाचनखूण साठवली. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

प्रा. खवचट
सोळा दिवसांत पाच राज्यं. निवडणुकीच्या दौऱ्यावर आहात का?

कटककर
नोकरीमुळे चौदा वर्षं ओडिशात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या एक्सेलमध्ये एक रकाना राहिलाय. सूर्यास्त.

घड्याळ सगळ्या देशाचं एक असलं तरी सूर्य काही एक्सेल बघून मावळत नाही. पुणं ७४ रेखांशाच्या आसपास, पुरी ८६ च्या. बारा अंश, अंशाला चार मिनिटं, म्हणजे पाऊण तासाहून थोडा जास्त फरक. डिसेंबरअखेर पुण्यात सूर्य सहा वाजून गेल्यावर मावळतो, इथे सव्वापाचला. पावणेसहाला मिट्ट काळोख. तुमच्या डोक्यात 'आठ वाजेपर्यंत' म्हणजे अंधारात दीडदोन तास असेल, पण इथे ते अडीच तास होतात. आणि हा अंधार महामार्गावरचा नसतो.

आत काय असतं ते सांगतो. बिनदिव्याचा ट्रॅक्टर, मागे भाताच्या पेंढ्या दोन्ही बाजूंनी लोंबताहेत. बाजारहाट करून परतणारी सायकलवाली माणसं, काळ्या घोंगड्यात. डांबरावर बसलेली गुरं, कारण डांबर रात्री उबदार असतं. आणि डिसेंबर हा कापणी-मळणीचा महिना, तेव्हा अर्ध्या रस्त्यावर धान वाळत घातलेलं असतं. दिवसा गंमत वाटते. रात्री त्याच्या कडेला लावलेले दगड दिसत नाहीत. त्यात धानासाठी हत्ती खाली उतरायचाही हाच हंगाम.

उलट सकाळ तुमची. सहाला चांगलं दिसायला लागतं. सहाला निघा, दुपारी तीनला मुक्कामी पोचा, दोन तास गाव बघा. आतल्या रस्त्यांवर ताशी पस्तीस-चाळीसचा हिशेब धरा, म्हणजे दिवसाला दोनशे, फार तर अडीचशे किमी.

या हिशेबाने तुमचे दिवस २, ३, ४, ९, १० आणि १४ बसत नाहीत.

तिसरा_गिअर
बापरे. सूर्यास्ताचा विचारच केला नव्हता. पण दिवस २ तर राष्ट्रीय महामार्ग आहे ना पूर्ण?

वऱ्हाडी ठेचा
भाऊ, नागपूर ते जगदलपूर पावणेसहाशे किलोमीटर होते. रायपूरपावेतो रस्ता लोण्यासारखा. मंग धमतरी, कांकेर, आन् कांकेरच्या पुढं केशकालचा घाट. बारा वळणं हायेत, तिथं एक ट्रक आडवा झाला का तुमची एक्सेल घाटातच ऱ्हायते. मी तीन तास बसलो होतो. शेंगदाणे संपले, पाणी संपलं, मंग बायको बोलाची थांबली.

कांकेर नाही तं कोंडागावले मुक्काम करा राजेहो. कोंडागावले ढोकरा कामाची घरं हायेत, सकाळी ते मेणाचा धागा गुंडाळून मूर्ती कशी बनवतेत ते पाहा. मेणावर माती लिंपतेत, भट्टीत मेण वितळून जाते आन् त्या जागेत पितळ उतरते. एका साच्यातून एकच मूर्ती निंगते, साचा फोडाच लागते.

सुसाट_८९
मी दोन वर्षांपूर्वी नागपूरहून पहाटे ४ ला निघून रात्री ११ ला कोरापुटला पोचलो होतो. केशकाल घाट, जगदलपूर, सगळं एका दमात. काहीही झालं नाही. लोक उगाच घाबरवतात. चांगले दिवे लावा, बिनधास्त चालवा. इतकी काळजी करायची तर घरी बसून यूट्यूब बघा.

कटककर
'काहीही झालं नाही' हे नशिबाचं वर्णन झालं, रस्त्याचं नाही. तुम्ही एकटे होता का?

सुसाट_८९
दोघे मित्र.

उंबरठा
आणि काय बघितलंत नागपूर ते कोरापुट?

सुसाट_८९
रस्ता.

प्रा. खवचट
:) :) धागा इथेच बंद करावा का?

बार्शीलाइट
थांबा, बंद करू नका, एक मोलाची माहिती द्यायची आहे. सध्याचा राष्ट्रीय महामार्ग ६३ आमच्या बार्शीतून सुरू होतो. लातूर, उदगीर, निजामाबाद, सिरोंचा, विजापूर (छत्तीसगढचं), जगदलपूर करत ओडिशात बोरिगुम्मापर्यंत जातो. म्हणजे आम्हाला कोरापुटला जायला वळायचीही गरज नाही. घराबाहेर पडायचं आणि सरळ जात राहायचं. पुणेकरांनी नोंद घ्यावी.

वऱ्हाडी ठेचा
घ्या. आता बार्शीचे लोक जगदलपूरवर हक्क सांगनार.

ओंजळ
ताई म्हणून चार गोष्टी सांगते, कारण मी स्वतः गाडी चालवत हा भाग केलाय, आईला घेऊन.

जेवणाचं. ओडिशात दुपारी भात. रस्त्याकडेच्या हॉटेलात 'मील' मिळतं: भात, डालमा (डाळीत कच्ची पपई, वांगं, भोपळा, वरून जिरं-मिरचीची भाजलेली पूड), एक तळलेली भाजी, एक रसभाजी. पोळी मागितली तर 'रुटी संध्याकाळी' असं उत्तर येतं. आणि खरंच, संध्याकाळ झाली की जो तो रुटी खातो. सासऱ्यांना दुपारी पोळी लागत असेल तर आदल्या रात्री बांधून घ्या. अडीचनंतर लहान गावात मीलही संपलेलं असतं, हे लक्षात ठेवा. नाश्ता मात्र झकास. सकाळी सातला बरा-घुगुनी: उडदाचे वडे, वर वाटाण्याची उसळ, साल वृक्षाच्या पानाच्या द्रोणात. द्रोण काडीने टाचलेला असतो, ती काडी आधी बघून घ्या. आईच्या घशात गेली असती.

प्रसाधनगृहांचं. पेट्रोलपंप हाच आधार. दिसला की थांबायचं, गरज असो वा नसो. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, हा नियम दोन्ही अर्थांनी पाळा.

पैशांचं. क्यूआर कोड टपरीवरही असतो, पण रेंज नसेल तर तो भिंतीवरचं चित्रच. दहा, वीस, पन्नासच्या नोटा वेगळ्या ठेवा.

नकाशा. घरूनच ऑफलाइन उतरवून घ्या, आणि नकाशाने 'जवळचा रस्ता' दाखवला की बस थांब्यावर विचारा. आम्हाला नकाशाने एका कालव्याच्या बांधावर नेलं होतं. चार किलोमीटर उलटं यावं लागलं, रिव्हर्समध्ये. आई पूर्ण वेळ रामरक्षा.

तिसरा_गिअर
ओंजळताई, चार किलोमीटर रिव्हर्स?? दंडवत. टाकीचा नियम बायकोने लगेच लिहून घेतला.

उंबरठा
नावांच्या सारखेपणाबद्दल सांगायला हवं, कारण मी त्यात पोळलोय. रायगड आपला. रायगढ छत्तीसगढमध्ये. रायगडा ओडिशात. मी रायगडाला पोचलो आणि फोनमध्ये खोलीचं आरक्षण होतं रायगढचं. चारशेहून जास्त किलोमीटर दूर. संध्याकाळचे सहा. आणि माझी चूक असल्याने कोणावर ओरडताही येईना.

अजून सापळे: ओडिशातलं जयपूर (लोक 'जेपूर'च्या जवळपास म्हणतात), जाजपूर आणि जाजपूर रोड (दोन वेगळी गावं, मध्ये तीसेक किमी), ओडिशातलं ब्रह्मपूर आणि बंगालमधलं बहरमपूर. खोली घेताना जिल्हा तपासा.

प्रा. खवचट
आणि रायगडावर गेलात तर आधी पायऱ्याच पायऱ्या आहेत.

गडचिरोलीकर
चौथ्या प्रश्नाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी याच पट्ट्यात वाढलो, आणि 'गडचिरोली' म्हटलं की पुण्यातल्या लोकांचा चेहरा कसा होतो ते कॉलेजात चार वर्षं बघितलं.

जगदलपूर, चित्रकोट, तीरथगड, कोंडागाव इथे दर हिवाळ्यात हजारो कुटुंबं जातात. मुख्य रस्त्याने, दिवसा, काहीही अडचण नाही. नाक्यांवर जवान गाडी थांबवतील, कुठून आलात, कुठे चाललात विचारतील. काच खाली करा, आतला दिवा लावा, नीट उत्तर द्या. छावण्यांचे, जवानांचे, पुलांचे फोटो काढू नका. नकाशावर हिरवा पट्टा दिसला म्हणून आडवाटेला शिरू नका, आणि निघायच्या आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी चौकशी करा. एवढंच. भीतीही नको आणि शौर्यही नको.

हत्तींचं मात्र कटककर म्हणतात ते खरं. ओडिशातून छत्तीसगढमार्गे निघालेला कळप ऑक्टोबर २०२१ मध्ये आमच्या जिल्ह्यात आला. तोवर आम्हाला हत्ती म्हणजे कमलापूरच्या कॅम्पातले पाळीव. रानटी कळप धानात शिरला की काय होतं ते आता गावागावाला माहीत आहे. हत्ती रस्त्यावर दिसला तर हॉर्न नाही, दिवे मारणं नाही. लांब थांबायचं, तो जाईपर्यंत. मागे पिल्लू असतं, पहिला हत्ती गेला म्हणून निघू नका.

मनमौजी
आणि वाघ? आपल्या ताडोबाच्या दोन वाघिणी सिमलीपालला नेल्या होत्या ना?

गडचिरोलीकर
हो, २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात. जमुना आणि झीनत. झीनत तर सिमलीपालमधून बाहेर पडून झारखंड, झाडग्राम, पुरुलिया करत बंगालमधल्या बांकुड्यात (विष्णुपूरच्याच जिल्ह्यात) पोचली. २९ डिसेंबरला तिला बेशुद्ध करून पकडली आणि परत आणली.

वऱ्हाडी ठेचा
म्हंजे तिसरा_गिअर यांचा दिवस १० आन् ११ तिनं आधीच करून पायला. तेबी बिना एक्सेलची.

कटककर
आणि तिलाही तीन आठवडे लागले. हलके घ्या :)

सिमलीपालबद्दल: स्वतःच्या हॅचबॅकने आत जायचा विचार सोडा. जशीपूरला किंवा बारिपदाला मुक्काम करून स्थानिक बोलेरो घ्या. सकाळी लवकर प्रवेश, पूर्ण दिवस आत. बरेहीपाणी आणि जोरांडा हे दोन धबधबे, मधे सालचं जंगल. पावसाळ्यात बंद असतं, डिसेंबरात चालू. म्हणजे सिमलीपालला किमान दोन रात्री. भितरकनिकाचंही तसंच, गाडी धक्क्यावर ठेवून बोटीने जायचं. एका दिवसात 'करून' पुढे जाता येत नाही. दोन्हींपैकी एकच घ्या.

नीरफणस
मी गोव्याची. अवांतर आहे पण राहवत नाही. जगदलपूरच्या बाजारात दोन बायका बोलत होत्या आणि मी जागच्या जागी थांबले. हलबी भाषा. षष्ठीचा प्रत्यय 'चो'! आम्ही कोंकणीत 'रामाचो घोडो' म्हणतो, त्या 'राजा चो' म्हणतात. अरबी समुद्रापासून इतक्या लांब. मी हिंदी सोडून कोंकणीत भाव विचारला. तिला निम्मं कळलं, आणि निम्म्यावर ती इतकी हसली की चिंच फुकट दिली.

उंबरठा
हलबीत मराठी, ओडिया, छत्तीसगढी तिन्हींचं मिश्रण आहे, बस्तरमध्ये निरनिराळ्या जमातींची ती समाईक बोली. बाजारात 'तुमचं नाव काय' एवढं मराठीत विचारून बघा, उत्तर येतं.

सुसाट_८९
चापड्याची चटणी खाल्ली का कोणी? लाल मुंग्यांची.

नीरफणस
खाल्ली. आंबट. आमच्या बिंब्लीच्या जवळपास.

ओंजळ
सुसाटभाऊ रस्त्याशिवायही काहीतरी बघून आले तर.

सुसाट_८९
तेव्हा नाही, नंतर परत गेलो होतो. दिवसा. :)

प्रा. खवचट
इतिहासाचा तास घेतो, कोणी झोपू नये. विष्णुपूरला एमएच पाटीची गाडी घेऊन जाताय, तर ऐकून ठेवा. १७४२ पासून दशकभर नागपूरकर भोसल्यांचं घोडदळ बंगालमध्ये स्वाऱ्या करत होतं. सरकारी घोडा घेऊन लढणारा तो बारगीर, त्याचा तिकडे झाला 'बर्गी'. आपल्याकडे ज्याला आपण मोहीम म्हणतो त्याच्या नावाने तिकडे पोरांना झोपवतात. विष्णुपूरला दलमादल नावाची प्रचंड लोखंडी तोफ उघड्यावर ठेवली आहे. भोसल्यांचे सेनानी भास्करपंत यांची फौज आली तेव्हा मदनमोहन देवाने स्वतः ती डागली, अशी तिथली कथा.

मी तोफेजवळ उभा असताना चहावाल्याने गाडीची पाटी वाचली, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, 'बर्गी?' मी मान डोलावली. चहाचे पैसे मात्र त्याने पूर्ण घेतले. आम्हीही चौथाई मागितली नाही.

कटककर
प्राध्यापक, हा तुमचा या धाग्यावरचा पहिला उपयुक्त प्रतिसाद.

ओडिशा तर १७५१ ते १८०३ मराठ्यांकडे होता. पुरीला सिंहद्वारासमोरचा अरुणस्तंभ मूळचा कोणार्कचा, तो मराठा काळात तिथून पुरीला आणून उभारला. कोणार्कला गेलात की त्याची रिकामी जागा डोक्यात ठेवा.

बार्शीलाइट
रसगुल्ला कुणाचा, तेवढं एक सांगा म्हणजे भांडण पूर्ण होईल.

कटककर
बंगालला २०१७ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ओडिशाला २०१९ मध्ये. दोघांनाही. भुवनेश्वर-कटक रस्त्यावर पाहाळाला दोन्ही बाजूंनी दुकानांची रांग आहे, तिथला तपकिरी छटेचा, मऊ, गरम खा. आणि छेनापोडो विसरू नका: छेना, साखर, सालच्या पानात गुंडाळून भाजलेला, कडा करपलेल्या. (सासऱ्यांना लांब ठेवा. किंवा एक तुकडा द्या आणि आम्हाला सांगू नका.)

शोधयात्री
दिवस ४ ला गुरुवार पाडता आला तर ओनुकुडेलीचा बाजार बघाच. दुडुमाकडे जातानाच लागतो. बोंडा जमातीच्या बायका येतात, मण्यांच्या माळा, गळ्यात धातूच्या रिंगा. असे फोटो जगात कुठे मिळणार नाहीत.

ओंजळ
शोधयात्री, हे वाचून वाईट वाटलं. तो त्यांचा आठवडी बाजार आहे. मीठ, तेल, सुकी मासळी घ्यायला डोंगर उतरून चालत येतात. समोर कोणी कॅमेरा धरला की मान वळवून बसतात, मी बघितलंय. आपल्या आईने मंडईत भाजी घेताना कोणी असं केलं तर?

शोधयात्री
मी पैसे देऊन, विचारून काढले होते.

गडचिरोलीकर
पैसे देऊन काढलेला फोटो म्हणजे विचारून काढलेला नव्हे. शिवाय ओडिशातल्या तेरा विशेष असुरक्षित जमातींमध्ये बोंडा येतात, त्यांच्या फोटोंवर तिथे निर्बंध आहेत. अडवलं तर तक्रार करू नका.

शोधयात्री
मान्य. तेव्हा माहीत नव्हतं. तरी बाजाराला जाऊच नये असं म्हणणं मला पटत नाही. त्यांच्याकडून हळद, आलं विकत घेणारे आपणच असतो.

ओंजळ
जा की. फोन खिशात ठेवून, पिशवी हातात घेऊन जा. त्याला कोणाची ना नाही.

कोटपाडलाही थांबा, जगदलपूर-बोरिगुम्मा रस्त्यावरच आहे. आल नावाच्या झाडाच्या मुळीने रंगवलेलं सुती कापड, तपकिरी-लालसर. विणकरांच्या घरीच मिळतं. तिथे फोटो काढू देतात, चहाही देतात.

ओंजळ
आणि एक राहिलंच. गोपाळपूरहून पुरीला महामार्गाने जाऊ नका. पालूर-मालूद करत जान्हीकुडाला या आणि तिथून गाडीसकट बोटीने चिल्का ओलांडून सातपड्याला उतरा. बोटीचा लोखंडी उतार किनाऱ्यावर टेकतो, हातवारे करणारा एक पोरगा तुम्हाला चढवतो. तो स्टिअरिंगकडे बघतच नाही, फक्त चाकाकडे. त्याच्यावर विश्वास ठेवा. हँडब्रेक, पहिला गिअर, आणि त्याने चाकाखाली सरकवलेली वीट. आईने गाडीतून उतरायला नकार दिला, खिडकीतूनच पाणी बघत बसली. वेळापत्रक आदल्या दिवशी विचारून घ्या, शेवटची बोट चुकली तर शंभराहून जास्त किमीचा वळसा.

मनमौजी
ऑक्टोबरात दिवाळीच्या सुट्टीत गेलं तर? सूर्यास्त तरी थोडा उशिरा.

कटककर
वादळं. फायलिन १२ ऑक्टोबर २०१३, तितली ११ ऑक्टोबर २०१८, दाना २४-२५ ऑक्टोबर २०२४. ऑक्टोबरात किनाऱ्याचं आरक्षण करायचं तर रद्द करता येणारं करा. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी बरं. जानेवारी-फेब्रुवारीत सरस्वतीपूजेचा चंदा सुरू होतो, मग दर दोन गावांनी आडवा बांबू आणि सात-आठ वर्षांची पोरं पावतीपुस्तक घेऊन उभी.

वऱ्हाडी ठेचा
दहा रुपये द्या आन् पावती घ्या. पुढच्या बांबूवर ते पावती दाखवली का म्हनते, 'ते वेगळं मंडळ.'

पंक्चरवाला
इतकं सगळं बोलले, टायरचं कोणी नाही. मी सदस्यनामाला जागतो. नव्या गाड्यांत स्टेपनी छोटी असते किंवा नसतेच. आधी डिकी उघडून बघा. ट्यूबलेसचं किट, बारा व्होल्टचा पंप, हवेचा मापक. प्लग भरायला घरीच एकदा जुन्या टायरवर शिका. केओंझर-जोडा-बडबिल हा खाणींचा पट्टा टाळा. लोहखनिजाचे ट्रक, लाल धूळ, आणि कडेला खनिजाचे तुकडे पडलेले असतात, ब्लेडसारखे. माझे एका सकाळी दोन टायर गेले. एका मोठ्या दुकानाने 'दोन्ही बदला' म्हणून सांगितलं. पुढच्या चौकात सायकलवाल्या पोराने साबणाचं पाणी लावून बुडबुडा शोधला आणि दोन्ही दुरुस्त करून दिले. त्या टायरवर पुण्याला आलो.

हॅचबॅक चालते. सामान कमी घ्या म्हणजे खाली घासणार नाही.

तिसरा_गिअर
सगळ्यांचे मनापासून आभार. बायको, मी आणि सासरे बसून पुन्हा आखणी केली. झारखंड आणि बंगाल पूर्ण काढलं. भितरकनिका, सिमलीपाल दोन्ही काढलं. (हे माझ्यासाठी फार कठीण होतं.) आता:

पुणे, नागपूर, कोंडागाव, जगदलपूर दोन रात्री, कोरापुट दोन रात्री, रायगडा, तप्तपाणी, गोपाळपूर, बोटीने सातपडा-पुरी दोन रात्री, भुवनेश्वर, संबलपूर (हिराकूड), रायपूर, नागपूर, पुणे. आतल्या भागात एकही दिवस अडीचशेच्या वर नाही. एक्सेलमध्ये सूर्यास्ताचा रकाना टाकलाय, पोचायची वेळ त्याच्या आत नसेल तर खाना लाल होतो.

दारिंगबाडीही गेलं. सासरे म्हणाले, थंडीच बघायची तर महाबळेश्वर काय वाईट आहे.

कटककर
आता ही सहल झाली. तप्तपाणीला गरम पाण्याचा झरा आहे, सासऱ्यांचे गुडघे आशीर्वाद देतील. वाटेत चंद्रगिरीला थांबा, १९६३ पासूनची तिबेटी वसाहत आहे, जिरांगचा मोठा मठ आहे. तिथे मोमो खा, भाताला सुट्टी.

सुसाट_८९
अडीचशे किमी म्हणजे माझा नाश्ता. पण शुभेच्छा.

तिसरा_गिअर
(जानेवारी) धागा वर काढतोय. परवा परत आलो. ४२०० किमी, एक पंक्चर.

एकच दिवस खाना लाल झाला. कोरापुटहून निघायला उशीर, कारण सासऱ्यांना बाजारात आल्याचा भाव करायचा होता. लक्ष्मीपूरच्या पुढे पावणेसहा वाजले. एका वळणावर समोर काहीच नाही असं वाटलं, मी चाळीसवर होतो. बायको ओरडली म्हणून ब्रेक दाबला. रस्त्यावर धानाची रास होती, आणि तिच्या पलीकडे, आमच्या दिव्यांच्या टोकाला, राखण करणारा म्हातारा घोंगडी घेऊन डांबरावरच झोपलेला. गाडी राशीत शिरून थांबली. तो उठला, आमच्याकडे बघितलं, आणि काही न बोलता झाडूने धान परत गोळा करायला लागला. मी आणि सासरे उतरून मदत करायला लागलो तर त्याने सासऱ्यांच्या हातातला सुपासारखा पत्रा काढून घेतला आणि त्यांना बसायला स्वतःची घोंगडी दिली. रायगडाला सात वाजता पोचलो. त्या रात्री कोणी फार बोललं नाही.

बाकी: दुपारची रुटी कुठेही मिळाली नाही. बोटीवरचा पोरगा खरंच चाकाकडेच बघतो. कोंडागावहून एक ढोकरा हत्ती आणला. छेनापोडोबद्दल विचारू नका, सासऱ्यांनी सोलापूरच्या नातेवाइकांसाठी घेतला होता, तो सोलापूरला पोचला नाही.

ओंजळ
पोचलात सुखरूप, बरं वाटलं. पुढच्या वेळी बायकोला जास्त चालवू द्या, तिची नजर चांगली आहे.

तिसरा_गिअर
रायगडानंतर तीच चालवत होती.

मनमौजी
एक्सेल मिळेल का? आणि झारखंड पुन्हा कधी?

कटककर
झारखंडाचं एक आत्ताच सांगून ठेवतो, तिसरा_गिअर, रकाना पुन्हा बिघडणार आहे. नेतरहाटला लोक मॅग्नोलिया पॉइंटवर सूर्यास्त बघायलाच जातात. तेव्हा मुक्काम वरच, नेतरहाटलाच करा. खाली घाटात नाही.